पासंग

रविवार पेठेत वडिलांचं तराजू दुरुस्तीचं दुकान.
शनिवारी शटर अर्धं ओढलं की
वरच्या फळ्यांच्या माळ्यावर आम्ही दुनिया मांडतो:
वजनमापाच्या जुन्या वहीमागे काढलेला नकाशा,
वीस पैलूंचे दोन फासे, एकाचा कोपरा उडालेला,
आणि पुडीतला कुंदा.
त्याचे तुपकट डाग नकाशावर पडले.
आम्ही त्यांची सरोवरं केली.

भरमू कंग्राळकर उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून येतो,
नखांत साच्याची काळी वाळू.
त्याचा योद्धा ढालीसकट झोपतो.
वीणा वडगावची, मागाच्या खडखडाटात वाढलेली,
म्हणून मोठ्यानं बोलते.
तिची जादूगारीण मात्र पुटपुटते.

पहिल्या लेव्हलला वीणाकडे एकच मंत्र,
दिवसातून एकदा, घुशीला पेंग येईल इतका.
ओढा आला की भरमू तिला खांद्यावर घ्यायचा.
"चिडवून घे आत्ता," ती म्हणायची, "माझी पानं अजून उलटायची आहेत."

नवव्या लेव्हलला पानं उलटली.
ती उडते, भिंतीतून जाते,
तळं उकळवते, प्रेताला साक्षीला बोलावते.
भरमू, तू काय करतोस?
"मारतो."
आणि पुढच्या पाळीला?
"आणि मारतो की."
त्या रात्री त्यानं फासा मुठीत हलवेपर्यंत
समोरचं सैन्य राख झालं होतं.
शिडी उतरताना तो म्हणाला,
"मी नुस्ता हमाल आहे काय रे हितं?"

आठवडाभर मी आकडे चघळले.
मंत्र निम्मे केले. वीणा उसळली:
"माझे पाय कापून त्याला उंच करतोस काय?"
भरमूला जादूची तलवार दिली.
त्यानं ती नकाशाच्या कडेला सरकवली.
"जिंकली तर ती जिंकली. मग मी कोण?"

खाली वडील एका भाजीवालीचा तराजू बघत होते.
एक पारडं कायम खाली.
त्यांनी जड पारडं घासलं नाही,
हलक्याच्या पोटाला तारेनं एक वाकडा वायसर बांधला.
दांडी सरळ.
"खात्याचा माणूस आला की सोडून ठेव हं," ते तिला म्हणाले,
"पासंग कायद्यात बसत नाही."

मीही बेकायदा एक नियम बांधला.
मंत्र एका दमात संपत नाही.
सात मोजेपर्यंत म्हणणारीला दिसत नाही, ऐकू येत नाही,
कुणाचं बोट लागलं तरी तो फुटतो.
बाकी कुणाच्या कागदावर एक आकडा हलवला नाही.

मग घाटातली ती खिंड.
वीणानं डोळे मिटले, खरोखरचे.
भरमू उभा राहिला, खरोखरचा,
डोकं वाशाला आपटलं,
तरी तालमीतल्यासारखे पाय रोवले
आणि मोजू लागला कानडीत,
कारण त्याचा गोकाकचा वस्ताद बैठका तशाच मोजायचा.

ओंदु. फासा. भाला चुकवला.
एरडु. मूरु. गुडघा टेकला, उठला.
नाल्कु.
ऐदुला ढाल दुभंगली. मी ते जरा हळूच सांगितलं.
आरु.
शत्रूसाठी मी फासा टाकला: वीस.
कुणी कुंद्याला हात लावेना.

भरमूनं कोपरा उडालेला फासा फेकला.
तो नकाशावरून घरंगळला, सरोवर ओलांडून,
दोन फळ्यांच्या फटीत गेला
आणि खाली कुठल्यातरी पारड्यात टण् वाजला.

आम्ही दोघं शिडीवरून कोसळतच उतरलो.
वडिलांनी तो आधीच उचलला होता,
आकडा न बघता,
आणि तळहातावर झुलवत अंदाज घेत होते:
"चार ग्रॅम. जास्तीत जास्त पाच.
कुणाचं रे हे?"

पारडं अजून हलत होतं.
वर वीणा डोळे मिटून बसलेली.
मोजणी थांबलीय
हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.